जुनी जोंगा : दुरुस्ती की विक्री?

घरातील जुन्या वस्तूंवरून कुटुंबात जे वाद होतात, त्यांत मोटारीचा वाद सर्वांत चिवट असतो. जुना पाळणा माळ्यावर टाकता येतो, जुनी पुस्तके ग्रंथालयाला देता येतात. मोटारीचे तसे नाही. ती अंगणात उभी राहते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते, पावसाळ्यात गंजते, आणि 'हिचे काय करायचे?' हा प्रश्न रोज सकाळी दार उघडताच आपल्यापुढे मांडते. आमच्या जबलपूरच्या घरी हा प्रश्न दोन वर्षे अनुत्तरित होता. त्याचे उत्तर शोधताना जो विचार करावा लागला तो इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून तो आज सांगत आहे.

आमची गाडी म्हणजे जोंगा. जबलपूरकरांना हे नाव समजावून सांगण्याची गरज नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो की, निस्सान या जपानी कंपनीची 'पेट्रोल' नावाची, डोंगरदऱ्यांत चालणारी एक मोटार होती. येथे 'पेट्रोल' याचा अर्थ गस्त असा घ्यावयाचा, इंधन असा नव्हे. त्या मोटारीच्या साठ क्रमांकाच्या नमुन्यावरून परवान्याने आपल्या सैन्यासाठी जी गाडी जबलपुरात तयार होऊ लागली, ती जोंगा. जबलपूर, ऑर्डनन्स, गन कॅरेज आणि असेंब्ली या शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले असे सांगतात. येथील तोफगाडा कारखाना 1904 सालचा. व्हेइकल फॅक्टरी 1969 सालची. त्या वर्षापासून 1999 पर्यंत, म्हणजे सुमारे तीस वर्षे, जोंगा सैन्याच्या सेवेत भरती होत राहिली. चार लिटरांना किंचित कमी, म्हणजे 3956 घनसेंटिमीटरचे सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन, तीनच वेगांचा गिअरबॉक्स, चारही चाकांना गती देण्याची सोय, पोलादी पाट्यांवर बसवलेले दणकट अंग. दिसायला ती देखणी आहे असे तिच्या प्रेमिकांना वाटते. माझ्या आईला कधीच वाटले नाही.

माझे वडील व्हेइकल फॅक्टरीत नोकरीस होते. ज्या गाड्या आपल्या हातांखालून गेल्या त्यांपैकी एक आपल्या दारी असावी ही त्यांची इच्छा. सैन्याने सेवेतून काढलेल्या गाड्यांचा लिलाव होई. अशा एका लिलावातून 1990 साली त्यांनी 1978 ची एक जोंगा घेतली. किती रुपयांना घेतली हे त्यांनी आईला शेवटपर्यंत सांगितले नाही. कुंडमच्या बाजूला आमची थोडी शेती आहे. त्या काळी पावसाळ्यात तिकडे जायचे म्हणजे दोन नाले आणि मैलभर काळी चिकण माती ओलांडावी लागे. अशा मातीत साधी मोटार आसापर्यंत रुतते. जोंगा गुरगुरत निघून जाई. 2023 साली वडील गेले. गाडी राहिली, आणि तिच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची मुदत 2025 च्या ऑक्टोबरात संपत होती.

मी सरकारी नोकरीत आहे. निरुपयोगी शासकीय वाहनांच्या निर्लेखनाच्या फायली माझ्या टेबलावरून गेल्या आहेत. त्या कामात एक सोय असते. वाहन किती वर्षांचे झाले, किती अंतर चालले, आणि यापुढे ते दुरुस्त करणे किफायतशीर आहे काय, एवढ्या तीन प्रश्नांवर तांत्रिक अधिकाऱ्याचा अभिप्राय येतो व खाली सह्या होतात. 2023 च्या एप्रिलपासून तर पंधरा वर्षांवरील शासकीय वाहनांची नोंदणीच रद्द होऊ लागली. संरक्षण व सुव्यवस्थेच्या कामाची विशेष वाहने तेवढी वगळली गेली. तेव्हा तेथे निर्णयाचा भारही उरला नाही. घरच्या गाडीला असा नियम नाही. खासगी मोटारीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. दिल्लीसारख्या ठिकाणी न्यायालयांच्या आदेशांमुळे वयाचा प्रश्न वेगळा झाला आहे. जबलपुरात मात्र गाडी ठेवायची की काढायची हे आपले आपणच ठरवायचे असते. तेथेच माणूस फसतो.

सर्वसाधारणपणे लोक हिशेब असा मांडतात : 'हिच्यावर आतापर्यंत इतका खर्च केला आहे, आता कशी विकायची?' अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षालाच शिकवतात की झालेला खर्च हा निर्णयाच्या हिशेबात धरायचा नसतो, कारण तो ठेवा अगर विका, परत येत नाही. हे मी परीक्षेत उत्तम रीतीने लिहिले होते. तरीही दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या नव्या रेडिएटरची पावती हाती आली, तेव्हा माझेही मन त्याच चुकीच्या हिशेबाकडे वळले. उलट बाजूची चूकही तितकीच सामान्य आहे. 'या गाडीची बाजारात किंमत अमुक, आणि दुरुस्तीचा अंदाज त्याहून जास्त. म्हणजे विकणे शहाणपणाचे.' हाही हिशेब अपुरा आहे. दुरुस्तीच्या खर्चाची तुलना करायची ती गाडीच्या बाजारभावाशी नव्हे, तर तेवढेच काम दुसऱ्या मार्गाने करून घेण्याच्या खर्चाशी. म्हणून पहिला प्रश्न कामाचा. गाडीने वर्षाकाठी नेमके कोणते काम करायचे आहे?

वडिलांची एक वही होती. प्रत्येक फेरी, प्रत्येक लिटर, प्रत्येक बदललेला सुटा भाग तीत लिहिलेला. ती वही घेऊन मी एक रविवार बसलो. चारही चाकांची गती ज्या दिवशी खरोखर लावावी लागली, त्या दिवसांपुढे त्यांनी लाल खूण केली होती. 1994 साली अशा खुणा एकेचाळीस होत्या. नाल्यांवर मोऱ्या झाल्या, पुढे शेतापर्यंत डांबर आले. 2019 च्या पानांवर खुणा तीन. त्यांपैकी एक बहुधा नातवंडांना दाखवण्यासाठी केलेली, कारण पुढे कंसात मुलांची नावे आहेत. ज्या कामासाठी गाडी घेतली ते काम रस्त्याने तिच्याकडून काढून घेतले होते. हे एकदा स्पष्ट दिसल्यावर निम्मा विचार झाला असे मला वाटले. तो समज पुढे बदलावा लागला, ते ओघाने सांगतो.

दुसरा प्रश्न लोखंडाचा. गाडीची दुरुस्ती करावी किंवा नाही हे इंजिनावरून ठरवण्याची लोकांना सवय आहे, कारण इंजिन आवाज करते. परंतु अशा जुन्या गाडीचा जीव इंजिनात नसून चासीत असतो. इंजिन उतरवून दुसरे चढवता येते. चासी सडली तर उरते ते भंगार. आमचे मिस्त्री गेली तीस-पस्तीस वर्षे हीच गाडी पाहत आलेले. त्यांनी खाली शिरून, जेथे पाट्यांचे कान चासीला जडवलेले असतात तेथे, आणि आडव्या पट्ट्यांच्या सांध्यांवर, लहान हातोडीने ठोकून पाहिले. निकोप पोलाद खणखणते, आतून गंजलेले बद्द वाजते. मडके घेताना आपण करतो तशीच ही परीक्षा. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचा दाब मापून घेतला. सहापैकी चार सारखे, दोन बरेच खाली. त्या दोहोंत थोडे तेल ओतून पुन्हा मापले तेव्हा दाब वर आला. याचा अर्थ दोष व्हॉल्वचा नसून पिस्टनच्या रिंगांचा व सिलिंडरच्या झिजेचा. कारण तेलाने रिंगांची फट क्षणभर बुजते, व्हॉल्वची बुजत नाही. निळसर धूर येत होता त्याचेही कारण हेच : तेल जळत होते. पुढच्या चाकांच्या सांध्यांतून तेल पाझरत होते, आणि चारही ड्रम-ब्रेकांची अस्तरे संपत आली होती. या सर्व तपासणीला एक दिवस आणि अगदी किरकोळ पैसे लागले. मोठा खर्च ठरवण्यापूर्वी हा लहान खर्च करावा, असे मी आग्रहाने सांगेन. पुष्कळ माणसे तो वाचवतात आणि मग लाखाचा निर्णय तर्कावर घेतात.

निदान झाले : चासी खणखणीत, इंजिन दमलेले. येथे तिसरा पर्याय पुढे येतो, व जबलपुरात तो फार लोकप्रिय आहे. पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवावे! याचे आकर्षण समजण्यासारखे आहे. आमच्या जोंगाने लिटरला पाच किलोमीटरांपलीकडे औदार्य कधी दाखवले नाही. खुद्द कारखान्यानेही 1996 च्या सुमारास हिनोचे डिझेल इंजिन घातलेली जोंगा नागरी ग्राहकांसाठी काढली होती. तो प्रयोग फार चालला नाही. परंतु कारखान्याने इंजिन बदलणे आणि गल्लीतल्या वर्कशॉपने बदलणे यांत फरक आहे. डिझेल इंजिन वजनाला जड असते. ते पुढच्या पाट्यांवर व सुकाणूवर येते. त्याची ताकद कमी फेऱ्यांत एकदम येते, आणि तो धक्का मूळच्या गिअरबॉक्सला व आसांना सोसावा लागतो. इंजिन व गिअरबॉक्स जोडणारी मधली थाळी केसभर तिरपी बसली तरी क्लच वर्षभरात जातो. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपुस्तकातील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही; इंधन व इंजिन बदलायचे तर परवानगी आणि नोंद हवी. ज्या गाड्यांत असे बदल कागदावर न आणता झाले आहेत त्यांचा अपघात झाला की विमा कंपनी प्रथम तेच पान उघडते.

याला जोडून आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. 2021 च्या जुलैत पन्नास वर्षांवरील दुचाकी व चारचाकी खासगी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम झाले. अशा गाड्या प्रदर्शनात व मिरवणुकीत चालवता येतात, रोजच्या वापरात नाही. आणि त्या मूळ स्वरूपात राखलेल्या असाव्या लागतात. म्हणजे आज डिझेल बसवून जो लिटरमागे चार किलोमीटर वाचवतो, तो उद्याचा हा मार्ग आपल्या हातांनी बंद करतो. पेट्रोल ठेवावे तर त्याचीही अडचण आहेच. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. कार्बोरेटरच्या काळातील रबरी नळ्या, पंपाचा पडदा, गॅस्केटे या गोष्टी त्यासाठी केलेल्या नव्हत्या. त्या लवकर फुगतात किंवा कडक होतात, व वेळोवेळी बदलाव्या लागतात. हा खर्च मोठा नाही, पण तो विसरला तर गाडी पेट घेऊ शकते.

मिस्त्रींनी इंजिन खोलून सिलिंडर बोअर करणे, पिस्टन, रिंगा, बेअरिंगे नवी घालणे या सर्वांचा अंदाज दीड लाखाच्या आसपास सांगितला. सुटे भाग मिळतील काय, असे मी विचारले. ते हसले. जोंगा बंद होऊन पाव शतक झाले. पण याच शहरात तयार झालेल्या निस्सानच्या एक टनी लष्करी गाड्यांत याच घराण्यातले इंजिन होते, आणि जुन्या सामानाच्या दुकानांत अजून त्यांचे अवशेष निघतात. जबलपुरात जोंगा दुरुस्त करणे म्हणजे पैठणमध्ये पैठणी रफू करण्यासारखे आहे. हीच गाडी एखाद्याच्या दारी जळगावात उभी असती, तर हिशेब निराळा झाला असता.

कागदांचा खर्च थोडक्यात सांगतो. 2025 च्या ऑगस्टात निघालेल्या अधिसूचनेने वीस वर्षांवरील हलक्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क पाच हजारांवरून दहा हजार रुपये झाले. दीड हजार घनसेंटिमीटरांवरील खासगी मोटारीचा तृतीय पक्ष विमा 2022 च्या दराप्रमाणे वर्षाला 7,897 रुपये, कर वेगळा. गाडी अंगणात उभी असली तरी हे चुकत नाही, जर तिला कधीतरी रस्त्यावर आणायचे असेल. तोडणीकेंद्रात द्यावी तर धोरणाप्रमाणे नव्या गाडीच्या दुकानातील किमतीच्या चार ते सहा टक्के भंगारमूल्य आणि पुढच्या खरेदीवर करात सवलत मिळते. आता जिची नवी गाडी मिळणेच बंद झाले तिचे सहा टक्के कशाचे काढायचे, हा प्रश्न मी कोणाला विचारला नाही. खणखणीत चासी तोडायला देण्याची माझी तयारी नव्हती.

तेव्हा राहिले दोन मार्ग : दीड लाख घालून ठेवणे, किंवा आहे तशी विकणे. काम उरले नाही म्हणून विकावी, असे वहीने सांगितले होते. परंतु विकायला काढताच एक विचित्र अनुभव आला. जे गिऱ्हाईक येई ते गाडीला इतकी कमी किंमत सांगे की मला ती अपमानासारखी वाटे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. पुढे 2001 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : गाडी चांगली की वाईट हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीला वाईट गाडीच्या धोक्याची किंमत देतो. मग चांगल्या गाडीचा मालक विकायला राजी होत नाही आणि बाजारात वाईटच गाड्या अधिक उरतात. हे वाचलेले मला आठवले, आणि त्याबरोबर आमच्या प्रश्नाचे मर्मही ध्यानात आले. जुन्या गाडीचे जे खरे मोल असते त्याचा मोठा भाग लोखंडात नसतोच. ती गाडी कोणाला किती ठाऊक आहे, यात तो असतो. वडिलांना तिची प्रत्येक कुरकुर ओळखता येत असे. चढावर कोणत्या आवाजाला थांबायचे, कोणत्या आवाजाकडे दुर्लक्ष करायचे, हे ते बोलणे न तोडता ठरवीत. त्यांच्या हाती ही गाडी स्वस्त होती, कारण मोठी मोडतोड होण्याआधीच ते तिला थांबवत. तीच गाडी माझ्या हाती महाग आहे. मला ती कळत नाही. मला फक्त तिची सवय आहे, आणि माझे मिस्त्री सत्तरीच्या पुढे गेले आहेत, त्यांना आता संध्याकाळी नीट दिसत नाही.

दुरुस्ती की विक्री, याचा निर्णय माझ्या मते येथे होतो. काम तीन दिवसांचे असले तरी ज्याला गाडी कळते त्याने ती ठेवावी. तिच्यावरचा त्याचा खर्च बाजाराच्या समजुतीपेक्षा पुष्कळ कमी येतो. ज्याला कळत नाही त्याने, काम तीस दिवसांचे असले तरी, दोनदा विचार करावा. धाकट्या भावाचे म्हणणे होते की वडिलांची आठवण विकायची नाही. त्याचा राग मला समजला. मी त्याला एवढेच विचारले, की गाडी तुझ्या दारी नेतोस का? त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि खाली एकच जागा. तो काही बोलला नाही. आईनेच मग मध्यस्थी केली. तिला ही गाडी कधी आवडली नव्हती, पण ती म्हणाली, 'विका, पण तोडणाऱ्याला नको; चालवणाऱ्याला द्या.'

आम्ही शेवटी जे केले त्यात दुरुस्तीही होती आणि विक्रीही. ब्रेकची अस्तरे, सुकाणूचे सांधे, पेट्रोलच्या नळ्या आणि पुढची तेलगळती एवढे काम करून घेतले. कारण ज्या गाडीने घेणाऱ्याच्या जिवाला धोका आहे ती विकू नये. इंजिन तसेच ठेवले. इंजिनावर घातलेले दीड लाख किमतीत परत येत नाहीत, आणि ज्याला अशा गाडीची हौस असते त्याला ते आपल्या मिस्त्रीकडून उघडायचे असते. गाडी तपासणीला नेली, शुल्क भरून नोंदणी वाढवून घेतली. मग जाहिरातीऐवजी मिस्त्रींकडे शब्द टाकला. महिन्याभराने नागपूरचे एक गृहस्थ आले. त्यांच्याकडे अगोदरच एक जोंगा आहे. त्यांनी इंजिन चालू करण्यापूर्वी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरले, खाली शिरले, आणि खिशातून लहान हातोडी काढली. मी मिस्त्रींकडे पाहिले; मिस्त्रींनी मान हलवली. वही मी त्यांच्या हाती दिल्यावर त्यांनी सांगितलेली किंमत पहिल्या गिऱ्हाइकाच्या दीडपटीहून अधिक होती.

विक्रीचे कागद हा कंटाळवाणा विषय आहे, पण त्यात आळस केलेला परवडत नाही. 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले आहे की, गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच. म्हणून पैसे मिळाले, हात मिळवला, गाडी गेली, एवढ्याने विक्री पुरी होत नाही. राज्याबाहेर जाणाऱ्या गाडीसाठी ना-हरकत दाखला मागावा लागतो व पंचेचाळीस दिवसांत हस्तांतराची खबर द्यावी लागते. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरील गाडीला पर्यावरण कर वेगळा पडतो. हे सर्व खरेदीदाराला आधी सांगितले. त्यांच्या नावाची नोंद झाल्याचे पाहीपर्यंत मी विमा चालू ठेवला.

डिसेंबरात एका सकाळी त्यांचा फोन आला. गाडी सुरू होत नव्हती. 'वहीत थंडीविषयी काही लिहिलेले नाही,' ते म्हणाले. वडिलांनी ते लिहिले नव्हते, कारण त्यांना ते लिहिण्यासारखे वाटले नसेल. मी डोळे मिटून लहानपणीची सकाळ आठवली आणि सांगितले : चोक पूर्ण ओढू नका, अर्धाच ओढा, अॅक्सिलरेटर दोनदा दाबून सोडा, मग दहा मोजा. पलीकडे त्यांनी फोन चालू ठेवूनच दहा मोजले. पहिल्यांदा काही झाले नाही. दुसऱ्यांदा ती गुरगुरली.